पैसे घ्या, पण चालती प्रत बंद पाडू नका

२०१९च्या सुरुवातीला दासो सिस्टिम्स या फ्रेंच कंपनीने आपल्या ड्राफ्टसाइट या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरबद्दल दोन गोष्टी एका दमात सांगितल्या. नवी आवृत्ती यापुढे वर्षाच्या भाड्याने मिळेल. आणि विंडोजवर आधीच बसवलेली, २०१८पर्यंतची मोफत आवृत्ती ३१ डिसेंबर २०१९नंतर चालणार नाही. तोवर कित्येक वर्षं हे सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं, धंद्याच्या कामाला वापरायची मुभा होती आणि आराखड्यांची डीडब्ल्यूजी फाइल त्यात सरळ उघडायची, सरळ सेव्ह व्हायची. ज्यांचं काम सपाट, दोन मितींच्या आराखड्यांपुरतं असतं त्यांना ते पुरून उरायचं. ग्रिल-खिडक्यांचे फॅब्रिकेटर, फर्निचरचे ठेकेदार, पत्रा कापून देणारे, एका ड्राफ्ट्समनवर चालणारी आर्किटेक्टची कार्यालयं ही सगळी त्यातलीच. मरोळ, साकीनाका, ठाण्याची वागळे इस्टेट, वसईचे गाळे इथे अशा कामाला तोटा नाही.

सर्वांत साध्या आवृत्तीचं भाडं वर्षाला ९९ डॉलर ठरलं, त्या वेळच्या दराने सात हजार रुपयांच्या आसपास. वापरणारे भडकले, आणि त्यांना मिळालेलं उत्तर ठरलेलं होतं: इतकी वर्षं फुकट वापरलंत, आता पैसे मागितले तर बिघडलं कुठे? धर्माची गाय आणि दात का नाय, अशातली ही तक्रार आहे, असं म्हणून ती झटकून टाकली गेली.

हे उत्तर मला मान्य नाही. त्याचबरोबर भडकलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी राग चुकीच्या जागी काढला, हेही म्हणायला हवं. नवी आवृत्ती विकत देणं हा कंपनीचा निर्विवाद हक्क आहे. जुन्या आवृत्तीची दुरुस्ती, फोनवरची मदत, अपडेट बंद करणं हेही समजण्यासारखं आहे. पण लोकांच्या मशीनवर व्यवस्थित चालणारी प्रत ठरावीक तारखेला बंद पाडणं ही तिसरी, अगदी वेगळी कृती आहे. पहिल्या दोन गोष्टींत कंपनी आपलं पुढचं श्रम द्यायचं थांबवते. तिसरीत ती दुसऱ्याच्या दुकानातलं चालू काम थांबवते. या तिन्ही गोष्टी ‘आता पैसे लागतील’ या एकाच वाक्यात बांधल्या जातात, म्हणून वाद नुसता फुकट विरुद्ध विकत असा होऊन बसतो.

प्रत बंद कशी पडते ते आधी पाहू. काही सॉफ्टवेअर सुरू होताना कॉम्प्युटरचं घड्याळ बघतं आणि आत लिहून ठेवलेल्या तारखेशी ताडून पाहतं. काही दर महिन्याला किंवा दर वर्षी कंपनीच्या सर्व्हरकडे परवाना मागतं, आणि सर्व्हरने नाही म्हटलं की थांबतं. काही मागच्या वेळी कधी उघडलं होतं याची नोंद लपवून ठेवतं, म्हणजे घड्याळ मागे नेलं तरी त्याला कळतं. इंटरनेट काढून टाकलं तर चालेल, हा सगळ्यांत लोकप्रिय सल्ला फक्त दुसऱ्या प्रकाराला लागू पडतो, तोही थोडे दिवस. तारीख सॉफ्टवेअरच्याच पोटात असेल तर नेटची वायर काढून काही होत नाही.

मग लोक घड्याळ मागे नेतात. हे करू नका, कारण नुकसान दुसरीकडेच होतं. मशीनची तारीख २०१९ ठेवली की ज्या संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं त्यानंतर दिलेली आहेत ती ब्राउझरला ‘अजून वैध नसलेली’ वाटतात. बँक उघडत नाही, जीएसटीचं पोर्टल उघडत नाही. त्याच मशीनवर डिजिटल सहीचं टोकन लावून कागद सही केला तर सहीवर चुकीची तारीख चढते. सर्वांत वाईट म्हणजे बॅकअप: पेन ड्राइव्ह किंवा क्लाउडशी फाइली जुळवणारी बरीच साधनं कोणती फाइल नवी हे तारखेवरून ठरवतात. आज दुपारी दुरुस्त केलेला आराखडा त्यांना पाच वर्षं जुना दिसतो, आणि कालची प्रत त्याच्यावर चढून बसते. शिवाय सुरक्षेचं कुलूप चुकवणं हा २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ अ खाली गुन्हा ठरू शकतो. लॅमिंग्टन रोडच्या आसपास एखाद्याकडून क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली प्रत, बसवून घेतला तर कलम ६३ ब आहेच. चोरीची प्रत आहे हे माहीत असून वापरली तर किमान ७ दिवसांची कैद आणि किमान ५० हजारांचा दंड त्यात सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नव्हता हे सिद्ध झालं तरच कोर्ट कैद माफ करू शकतं. चालती प्रत बंद पाडण्याचा एक परिणाम असा की काल कायद्याने वागणारा माणूस आज या वाटेला लागतो.

सॉफ्टवेअरच्या आयुष्याचा हिशेब वर्षात होतो आणि मुंबईतल्या आराखड्याचा दशकांत, खरी अडचण इथे आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून प्रमाणपत्र द्यावं लागतं. १९९५ साली ताबा मिळालेल्या इमारतीची ती वेळ येऊन गेली. तपासणी करणारा इंजिनियर पहिल्यांदा मागतो ते कॉलम-बीमचे मूळ आराखडे. पुनर्विकासाच्या वेळी चटईक्षेत्राचा हिशेब मांडायला मंजूर नकाशे लागतात, गळतीच्या भांडणात ड्रेनेज लाइनचा नकाशा लागतो. म्हणजे आज काढलेली रेघ कोणाला तरी २०५५ साली वाचता यायला हवी. त्या रेघेच्या आणि वाचणाऱ्याच्या मध्ये वर्षाला नूतनीकरण लागणारं कुलूप बसवणं हा इमारतीत राहणाऱ्यांचा प्रश्न आहे, ड्राफ्ट्समनच्या खर्चापुरता तो उरत नाही.

फाइल आपली आहे असं आपण धरून चालतो. ती किती आपली, हे एकदा उघडून बघण्यासारखं आहे. कोणत्याही डीडब्ल्यूजी फाइलची एक प्रत करा आणि ती साध्या नोटपॅडमध्ये उघडा. सगळीकडे न वाचता येणारी खिचडी दिसेल, पण अगदी सुरुवातीची सहा अक्षरं स्वच्छ असतील: रोमन ए आणि सी, त्यापुढे चार आकडे. १०१५ असेल तर फाइल ऑटोकॅड या सॉफ्टवेअरच्या २००० आवृत्तीच्या साच्यातली (फॉरमॅटमधली), १०१८ असेल तर २००४च्या, १०२१ म्हणजे २००७, १०२४ म्हणजे २०१०, १०२७ म्हणजे २०१३, १०३२ म्हणजे २०१८. नव्वदीतल्या जुन्या फाइलींवर १००९ किंवा १०१४ सापडेल. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल का उघडत नाही याचं उत्तर बहुतेक वेळा या सहा अक्षरांतच असतं. पुढचं सगळं बंदिस्त आहे. डीडब्ल्यूजीचा साचा ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कचा. त्याची पूर्ण रचना कंपनीने खुली केलेली नाही. बाकीच्यांनी तो उलगडून काढला, आणि त्यासाठी १९९८ साली एक संघटनाच उभी राहिली, ती आज ओपन डिझाइन अलायन्स म्हणून ओळखली जाते. डीएक्सएफ हा दुसरा साचा मात्र जाहीर आहे आणि तो नोटपॅडमध्ये ओळीओळीने वाचता येतो.

म्हणून एखादं फुकट सॉफ्टवेअर अमुक तारखेला बंद होणार असं जाहीर झालं की रागाची पोस्ट लिहिण्याआधी दोन-तीन दिवस काढून फाइली बाहेर काढाव्यात. सॉफ्टवेअर चालू आहे तोवरच हे होतं. ओपन डिझाइन अलायन्सचं एक फाइल कन्व्हर्टर मोफत मिळतं. त्याला आत येणारा फोल्डर, बाहेर जाणारा फोल्डर आणि साचा एवढं सांगितलं की पोटफोल्डरांसकट सगळ्या फाइली एका रांगेत बदलून मिळतात, आणि प्रत्येक फाइल तपासून घेण्याचा पर्यायही त्यात आहे. साचा निवडताना डीएक्सएफ २०१० घ्या. फार जुना म्हणजे १२ क्रमांकाचा घेतला तर लंबवर्तुळं तुटून बारीक रेघांची होतात आणि परिच्छेदाचा मजकूर विस्कटतो. २००७च्या आधीच्या डीएक्सएफमध्ये युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांची सामाईक संकेतपद्धत, सरळ लिहिलं जात नाही, त्यामुळे युनिकोड मराठी नावं असतील तर २००७ किंवा त्यानंतरचाच साचा हवा. डीएक्सएफ फाइल डीडब्ल्यूजीच्या कित्येक पट मोठी होते, त्याने घाबरू नका. झिप केली की खूप आवळते.

एवढ्याने काम संपत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. आराखड्यातल्या रेघेची जाडी बऱ्याच कार्यालयांत रेघेच्या रंगावरून ठरते: लाल म्हणजे अमुक मिलिमीटर, पिवळी म्हणजे तमुक. हा तक्ता सीटीबी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतो, आराखड्यात नसतो. ती फाइल मागे राहिली की प्लॉट मारल्यावर (छापल्यावर) भिंतीची रेघ आणि टाइलची रेघ सारख्याच जाडीची येते, आणि पालिकेच्या नकाशात पाडायचं पिवळं, नवं लाल हा जो संकेत पाळावा लागतो तोही हातचा जातो. अक्षरांच्या एसएचएक्स फाइलींचंही तसंच. जोडलेले बाहेरचे नकाशे, म्हणजे एक्सरेफ, मूळ फोल्डरचा पत्ता बदलला की गायब होतात. आधी ते आराखड्यात बांधून घ्यावे लागतात. मराठीचा त्रास तर आणखी वेगळा. जुन्या आराखड्यांत ‘स्वयंपाकघर’, ‘प्रस्तावित रस्ता’ असे शब्द युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपी वगैरे फॉन्टमध्ये बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गाळ दिसतो. असे फॉन्ट आराखड्याबरोबर बांधून ठेवणं परवान्यात बसतं का ते बघावं लागतं. बसत नसेल तर मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणं हाच खरा उपाय, आणि त्याला वेळ जातो.

शेवटी प्रत्येक अंतिम आराखड्याची मापाला धरून काढलेली पीडीएफ. ‘कागदात बसव’ हा पर्याय बंद ठेवून १:१०० वगैरे नेमक्या प्रमाणात काढा, आणि एक छापून पट्टीने मोजा: १:१०० वर ५ मीटरची भिंत कागदावर ५ सेंटिमीटरच भरली पाहिजे. पीडीएफमधून पुढे काम करता येत नाही, पण मूळ काय होतं हे भांडणात दाखवता येतं.

आता कंपन्यांची बाजू. ती पोकळ नाही. जुनी आवृत्ती चालू ठेवली की तिच्यातल्या भोकांतून हल्ले होतात आणि बदनामी कंपनीची होते. सॉफ्टवेअरच्या पोटात दुसऱ्यांचे भाग असतात, त्यांचे परवाने कंपनी दर वर्षी पैसे भरून घेत असते. लोक बंद केलेल्या आवृत्तीसाठीही मदत मागत राहतात. यांतला सुरक्षेचा मुद्दा सर्वांत वजनदार, आणि त्यावर ब्राउझरमध्ये व्हिडिओ, गेम चालवणाऱ्या फ्लॅश प्लेयरचं उदाहरण घ्यावं. ॲडोबेने जुलै २०१७मध्ये जाहीर केलं की २०२०च्या शेवटी फ्लॅश संपेल, आणि १२ जानेवारी २०२१पासून बसवलेल्या प्रतींनीही फ्लॅशचा मजकूर चालवणं थांबवलं. तारीख आतच घातलेली होती. फ्लॅश ब्राउझरमधून साऱ्या जगाला उघडा होता, त्याच्यातली भोकं वर्षानुवर्षं हल्लेखोरांच्या हाती होती, साडेतीन वर्षांची सूचना दिली गेली आणि बंद करून त्याच्या जागी काही विकायचं नव्हतं. माझ्या मते ते बंद पाडणं योग्य होतं. तरीही दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याला आपले फॉर्म भरता यावेत म्हणून जानेवारी २०२१मध्ये स्वतःचा खास ब्राउझर काढावा लागला. साडेतीन वर्षंही मोठ्या खात्याला अपुरी पडतात, तर ड्राफ्टसाइटने दिलेल्या दहा-अकरा महिन्यांत छोट्या कार्यालयाचं काय होईल?

आराखडे काढणाऱ्या सॉफ्टवेअरला हा युक्तिवाद तसाच लावता येत नाही. ते दिवसभर अनोळखी संकेतस्थळं उघडत नाही. बाहेरून आलेली फाइल धोकादायक असू शकते हे खरं, पण त्यासाठी ‘या आवृत्तीला आता सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही’ अशी ठळक पाटी सुरू होताना दाखवणं पुरेसं आहे. दुसऱ्यांच्या भागांचे परवाने हा कंपनीचा आणि त्या दुसऱ्यांचा करार. तो करतानाच वाटून झालेल्या प्रतींचा विचार करायला हवा होता. आणि मदत मागणाऱ्याला ‘या आवृत्तीला मदत नाही’ असं सांगायला प्रत बंद पाडावी लागत नाही.

दुसरा मार्ग उपलब्ध असतो आणि तो वापरलाही गेला आहे. स्केचअप मेक या घरगुती वापराच्या मोफत सॉफ्टवेअरची २०१७ ही शेवटची आवृत्ती ठरली, पुढे ते उतरवून घ्यायलाही मिळेना. पण ज्यांच्याकडे बसवलेलं होतं त्यांचं चालत राहिलं. गुगल फोटोजने १ जून २०२१पासून अमर्याद मोफत साठवण थांबवली, पण त्या तारखेच्या आधी कमी दर्जात चढवलेले फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरले नाहीत. लोक कुरकुरले, तरी ज्या अटीवर आधीचे फोटो दिले होते ती अट पाळली गेली. प्रोग्रामरांच्या डॉकर डेस्कटॉप या साधनाने ऑगस्ट २०२१मध्ये पैसे लावले ते २५०हून जास्त माणसं किंवा १ कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना. छोट्यांना हात लावला नाही.

सर्वांत शिकण्यासारखं घडलं ते युनिटीच्या बाबतीत. गेम बनवायच्या या साधनाच्या कंपनीने १२ सप्टेंबर २०२३ रोजी जाहीर केलं की ठरावीक मर्यादेपुढे प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क लागेल, आणि ते आधीच बाजारात असलेल्या गेमनाही लागू होणार होतं. गेम बनवणाऱ्यांनी एकेका मुद्द्यावर बोट ठेवलं. शुल्क किती यापेक्षा ते मागच्या कामाला का, हा त्यांचा सवाल होता. दहा दिवसांत कंपनीने मान्य केलं की शुल्क पुढच्या मोठ्या आवृत्तीपासून लागेल आणि ज्या आवृत्तीवर काम चालू आहे तिच्या अटींवर राहता येईल. वर्षभराने ते शुल्क पूर्णच रद्द झालं. ज्या आवृत्तीवर काम, त्या आवृत्तीच्या अटी: फुकट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मागायचं ते हेच. ‘फुकटच द्या’ ही मागणी करणारा हरतो, आणि त्याने हरणंच रास्त आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही घर चालवायचं असतं.

ज्या सॉफ्टवेअरचा परवाना मुक्त आहे, म्हणजे ज्याचा कोड कोणीही घेऊन बदलू आणि वाटू शकतो, तिथे हे मागावंही लागत नाही. आपण फुकट आणि मुक्त असे दोन शब्द रोज वापरतो, पण सॉफ्टवेअर उतरवून घेताना दोन्हींना एकच समजतो. हॅशिकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनाचा परवाना बदलला, तेव्हा आधीच्या मुक्त आवृत्तीवरून लोकांनी ओपनटोफू उभं केलं आणि काम चालू राहिलं. जुनी प्रत कोणाच्या सर्व्हरला विचारून चालत नव्हती. आराखड्यांच्या बाबतीत मुक्त पर्याय अजून तेवढे भरीव नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. लिब्रेकॅड डीएक्सएफवर चांगलं चालतं, पण डीडब्ल्यूजी वाचताना अडखळतं आणि डीडब्ल्यूजीत सेव्ह करत नाही. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४मध्ये आली. यंत्रांच्या भागांना ते उत्तम, पालिकेला सादर करायच्या घराच्या सबमिशन नकाशाला हात बसायला वेळ लागतो. मधला एक मार्ग क्यूकॅडचा: त्याची मूळ आवृत्ती मुक्त आहे, आणि डीडब्ल्यूजी हाताळणारी आवृत्ती एकदाच पैसे देऊन मिळते. अपडेटची मुदत संपली तरी घेतलेली प्रत चालू राहते. पैसे घेऊनही माणसाचं काम त्याच्या हातात ठेवता येतं, याचा हा रोकडा पुरावा.

या सगळ्यात कायदा कुठे आहे? २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा मोबदला देणाऱ्याला ग्राहक मानतो. फुकट वापरणारा त्या दारातूनच आत जात नाही. पैसे देणाराही धंद्यासाठी वापरत असेल तर बाहेर. फक्त स्वतः राबून पोट भरण्यासाठी वापरणाऱ्याला कायद्याने सवलत दिली आहे, म्हणजे एकटा ड्राफ्ट्समन बसू शकतो. त्याच कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आहे आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट त्यात मोडते. हे हत्यार भाडं भरणाऱ्यांनी अजून पुरेसं वापरलेलं नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने ग्राहकांना जाळ्यात ओढणाऱ्या १३ फसव्या पद्धतींची यादी अधिसूचित केली. वर्गणीचा सापळा, दाखवायचं एक आणि द्यायचं दुसरं, सॉफ्टवेअरच्या भाड्याची छुपी वसुली हे त्यात आहे. चालती प्रत मागाहून बंद पाडणं हा प्रकार त्यात स्वतंत्रपणे नाही. तो चौदावा म्हणून घालावा, आणि शब्द असे असावेत की पैसे दिले की नाही याने फरक पडू नये: बसवण्याआधी संपण्याची तारीख सांगितली नसेल तर प्रत बंद पाडता येणार नाही, सुरक्षेसाठी पाडावीच लागली तर फाइल उघडणं, छापणं आणि खुल्या साच्यात बाहेर काढणं या तीन गोष्टी चालू ठेवाव्या लागतील.

भाड्याने घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला आधी रीतसर संमती नोंदवावी लागते. १५ हजारांपर्यंतची रक्कम त्या संमतीवर कापली जाते, त्यावर गेली तर दर वेळी ओटीपी लागतो. ग्राहकाच्या भल्याचाच नियम आहे. पण परदेशी कंपनीची वसुली या चौकटीत बसली नाही किंवा कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असला की हप्ता परत जातो आणि सॉफ्टवेअर कुलूप लावून मोकळं. सबमिशनच्या आदल्या रात्री हे कळू नये म्हणून नूतनीकरण तारखेच्या किमान १५ दिवस आधी हाताने करावं. जीएसटी नोंदणी नसलेल्याला १८ टक्के वर पडतात आणि ते परत मिळत नाहीत, हेही भाड्याच्या आकड्यात धरावं.

पालिकेचाही यात वाटा आहे. इमारतीच्या ऑनलाइन मंजुरीसाठी नेमून दिलेल्या नावांच्या लेयरमध्ये (आराखड्याच्या थरांमध्ये) बसवलेली डीडब्ल्यूजी फाइल मागितली जाते. सार्वजनिक यंत्रणेने एका खासगी कंपनीचा बंदिस्त साचा मागितला की शहरातल्या प्रत्येक छोट्या कार्यालयाला तो लिहिणारं सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं, आणि तो लिहिणारं फुकट साधन बंद पडलं की पैसे किंवा क्रॅक एवढेच रस्ते उरतात. ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचं केंद्राचं धोरण २०१०पासून आहे, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं २०१५पासून. त्याच नावांच्या लेयरची डीएक्सएफ फाइल स्वीकारायला तांत्रिक अडचण नाही. पवईच्या आयआयटीत फॉसी प्रकल्प वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरचं काम करतो आहे, आयएस ८००:२००७ या मानकाप्रमाणे पोलादी सांध्यांचं डिझाइन करणारं ऑसडॅग हे सॉफ्टवेअर त्यातूनच आलं, आणि स्पोकन ट्युटोरियलचे पाठ मराठीतही आहेत. पालिकेने डीएक्सएफ घेतो एवढं जरी म्हटलं, तरी मुक्त साधनांवर सबमिशनचे नकाशे काढायला शिकवणारे पाठ याच शहरात तयार होऊ शकतात.

तोवर सोसायट्यांना स्वतःपुरतं एक काम करता येईल, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. दुरुस्तीसाठी किंवा पुनर्विकासासाठी आर्किटेक्ट किंवा प्रकल्प सल्लागार नेमताना नेमणूकपत्रात एक कलम घालायचं: सर्व अंतिम आराखडे डीडब्ल्यूजी, डीएक्सएफ २०१० आणि मापाला धरून काढलेली पीडीएफ अशा तिन्ही रूपांत द्यायचे; एक्सरेफ बांधून, सीटीबी आणि एसएचएक्स फाइली त्याच फोल्डरमध्ये ठेवून, मराठी मजकूर युनिकोडमध्ये, दोन वेगळ्या डिस्कवर. शेवटच्या हप्त्याच्या आधी कमिटीतल्या कोणीतरी ती डीएक्सएफ दुसऱ्या मशीनवर, वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, आपल्याच घराच्या हॉलची भिंत त्यात मोजावी, टेप लावून पडताळावी आणि माप जुळलं की मग चेकवर सही करावी.